न थांबणाऱ्या प्रोग्रॅमला थांबवतो कोण?

बेळगावच्या वडगाव भागात आमचे घर आहे आणि घराच्या मागच्या बाजूला चार यंत्रमागांचे शेड आहे. दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, कन्नड तिसरी भाषा म्हणून घेतली, पदविका इंग्रजीतून पूर्ण केली आणि तिच्या आधारे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळवला. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय त्याच वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, माझ्या वाट्याला आला. पहिल्या तासाला वहीत उतरवून घेतलेली व्याख्या अशी होती की ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाच्या साधनसामग्रीची व्यवस्थापक असते. व्यवस्थापक हा शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांसमोर उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीतला सुपरवायझर उभा राहिला: हात पाठीमागे बांधून फेऱ्या मारणारा, कोण काम करतो आणि कोण टाळतो हे पाहणारा, स्वतः मात्र कोणत्याही यंत्राला हात न लावणारा. हे चित्र साफ चुकीचे होते आणि ते पुसायला मला जवळजवळ एक वर्ष लागले.

चित्र इतके दिवस टिकले याचे एक कारण आमच्या प्रयोगशाळेत होते. प्रयोगवहीत राउंड रॉबिन, सर्वांत लहान काम आधी, बँकर्स अल्गोरिदम, पान बदलण्याच्या फिफो आणि एलआरयू पद्धती असे सगळे प्रयोग होते आणि ते सी भाषेत लिहायचे होते. परंतु त्या प्रयोगांत प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, ही ॲरेमधली, म्हणजे आकड्यांच्या यादीतली, एक ओळ असे. प्रोग्रॅम सुरू झाला की तो आपल्यालाच विचारी, 'पहिल्या प्रोसेसला किती वेळ लागेल?' आपण १० म्हणायचे, दुसरीला २, तिसरीला ३. आल्या क्रमाने चालवले तर वाट पाहण्याची सरासरी ७.३३ आणि लहान काम आधी घेतले तर २.३३, असा तक्ता काढून दाखवायचा आणि सही घ्यायची. गणित चोख होते. मात्र खऱ्या संगणकात ब्राउझर उघडताना, हे काम किती मिलिसेकंदांचे आहे, असे कोणी कोणाला सांगत नाही, ही गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षातसुद्धा आली नाही. पुढे वाचताना कळले की लिनक्समध्ये २००७ साली, २.६.२३ या आवृत्तीत, आलेल्या सीएफएस या शेड्यूलरने, म्हणजे कोणाची पाळी कधी हे ठरवणाऱ्या भागाने, हा प्रश्नच उलटा करून टाकला होता. कोणाला किती वेळ लागेल हे न विचारता आजवर कोणाला किती वेळ मिळाला याचा हिशेब तो ठेवी आणि सर्वांत कमी मिळालेल्याला पुढे काढी. २०२३ मध्ये, ६.६ या आवृत्तीत, त्याची जागा ईईव्हीडीएफ या पद्धतीने घेतली.

सिद्धान्ताला मी नावे ठेवत नाही. बेलाडीची विसंगती कागदावर सोडवताना मला खरोखर आनंद झाला होता. १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ या क्रमाने पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, मागितली आणि फिफो, म्हणजे आधी आलेले आधी बाहेर, ही पद्धत वापरली, तर पाने ठेवण्याच्या तीन चौकटींत ९ वेळा पान सापडत नाही, आणि चौकटी वाढवून चार केल्या तर १० वेळा सापडत नाही. जागा वाढवून काम बिघडते, ही गोष्ट मी तीनदा पडताळून पाहिली होती. तरीही ते सगळे आकड्यांचे कोडे वाटे. माझ्या मांडीवरच्या ४ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आत्ता या क्षणी असे काही घडत असेल, असे वाटत नसे.

पहिला तडा एका अगदी लहान प्रोग्रॅमने पाडला. 'सुरुवात' अशी एक ओळ छापायची, मग फोर्क करून एका प्रोसेसच्या दोन करायच्या आणि दोघींनी आपापला क्रमांक छापायचा, एवढेच त्यात होते. टर्मिनलवर चालवला की 'सुरुवात' एकदाच दिसे. वहीत चिकटवण्यासाठी मी तेच उत्तर एका फाइलमध्ये वळवून घेतले, तर फाइलमध्ये 'सुरुवात' दोनदा आली. फोर्कच्या आधीची ओळ दोनदा छापली जाणे शक्यच नाही, असे धरून मी दोन दिवस संकलकावर, लॅपटॉपवर आणि शेवटी स्वतःवर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी एस-ट्रेस (strace) हे साधन हाती लागले. प्रोग्रॅम कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, ज्या ज्या हाका मारतो, त्या सगळ्या ते क्रमाने दाखवते. त्यात दिसले की टर्मिनलवर लिहिताना ओळ संपताक्षणी राइट ही हाक जाते. फाइलमध्ये लिहिताना मात्र मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठतो आणि प्रोग्रॅम संपतानाच बाहेर पडतो. हा बफर कर्नलमध्ये नसून प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असतो. फोर्कने प्रोसेसची प्रत निघाली तेव्हा भरलेल्या बफरचीही प्रत निघाली आणि दोघींनी जाताना आपापला बफर रिकामा केला. 'फोर्क प्रोसेसची हुबेहूब प्रत काढते' हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलेले होते. हुबेहूब म्हणजे काय, ते त्या दोनदा उमटलेल्या ओळीने शिकवले.

दुसरा तडा अप्पांनी पाडला. एका संध्याकाळी ते मागावर कांडी बदलत होते आणि मी शेडच्या दारात बसून परीक्षेची उजळणी करत होते. काय वाचतेस असे त्यांनी विचारले, म्हणून मी सांगू लागले की संगणकात एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात असे वाटते, पण सीपीयू एकच असला तर ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना आळीपाळीने थोडा थोडा वेळ देते. चार माग एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाला यात नवे काही नव्हते. त्यांनी धोट्यात कांडी बसवली, माग चालू केला आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून विचारले, "ते सगळं खरं. पण एखादा प्रोग्रॅम थांबायलाच तयार नसला, तर त्याला थांबवतो कोण?"

ऑपरेटिंग सिस्टीम, असे मी म्हणाले.

"आणि ती त्या वेळी कुठं असते? तूच म्हणालीस ना, सीपीयू एकच आहे म्हणून?"

मला उत्तर देता आले नाही. सीपीयू एकच असेल आणि त्यावर माझा प्रोग्रॅम चालू असेल, तर कर्नल त्या क्षणी चालूच नसतो. फेऱ्या मारणारा सुपरवायझर कुठेच नसतो. कर्नल हासुद्धा एक प्रोग्रॅम आहे आणि त्यालाही चालायला तोच सीपीयू लागतो. आमच्या शेडमध्ये बाणा तुटला की माग आपोआप थांबतो आणि अप्पा तिकडे जातात. पण अप्पांचे हात आणि माग या वेगळ्या वस्तू आहेत. संगणकात राखणदाराला स्वतःचे हातच नसतात, त्याला त्याच मागाचे हात उसने घ्यावे लागतात. ते कधी आणि कसे मिळतात, हा प्रश्न माझ्या टिपणांत कुठेही सरळ मांडलेला नव्हता.

उत्तर शोधण्यासाठी मी एक्सव्ही-६ उतरवून घेतली. ही शिकवण्यासाठी लिहिलेली लहानशी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सची सहावी आवृत्ती १९७५ साली आली. तिच्या धर्तीवर एमआयटीमध्ये २००६ साली एक्सव्ही-६ लिहिली गेली आणि पुढे ती रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरसाठी बदलण्यात आली. दहा हजार ओळींच्या आतला हा सगळा पसारा क्यूएमू या आभासी यंत्रात चालतो, त्यामुळे तो कोसळला तरी लॅपटॉपला धक्का लागत नाही. लिनक्सच्या कोट्यवधी ओळींत मी पहिल्याच दिवशी हरवले असते. इथे निदान शेवटचे पान दिसत होते.

आठवडाभर मी एकच वाट चालत राहिले: प्रोग्रॅममधून कर्नलमध्ये जाण्याची आणि परत येण्याची. प्रोग्रॅमने स्वतः हाक मारली, त्याच्या हातून चूक झाली, किंवा बाहेरच्या एखाद्या उपकरणाने टोकले, या तीनच कारणांनी सीपीयू प्रोग्रॅम सोडून कर्नलच्या ठरावीक पत्त्यावर उडी मारतो. तिथे पोहोचताच प्रोग्रॅमची ३१ रजिस्टरे, म्हणजे सीपीयूमधल्या छोट्या साठवणजागा, जशीच्या तशी जपून ठेवली जातात. टोकणाऱ्यांपैकी एक आहे टायमर. एक्सव्ही-६ मध्ये तो साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाने वाजतो, आणि तो बंद करण्याचा अधिकार साध्या प्रोग्रॅमला नसतो. अप्पांच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते: कर्नल कोणावर नजर ठेवून नसतो, त्याने फक्त घड्याळाला गजर लावून ठेवलेला असतो. गजर झाला की कर्नल जागा होतो, पाळी सोडायला लावणाऱ्या यील्ड या फंक्शनमधून शेड्यूलरकडे जातो आणि दुसऱ्या प्रोसेसला बसवतो. हा अदलाबदल करणारा तुकडा असेम्ब्लीत लिहिलेला आहे आणि तो ३१ नव्हे, फक्त १४ रजिस्टरे जपतो. ही चूक असावी असे मला आधी वाटले. तिथे येणे फंक्शनच्या साध्या हाकेने होते, त्यामुळे बाकीची रजिस्टरे हाक मारणाऱ्याने गरजेप्रमाणे स्टॅकवर, म्हणजे मेमरीत, ठेवलेली असतात, हे मला गोकाकच्या माझ्या मैत्रिणीने समजावून दिले. ती कन्नडमधून समजावून सांगे, मी मराठीतून शंका विचारी आणि मधले शब्द इंग्रजी असत. लॉकला ती 'बीग' म्हणे आणि मी कुलूप. पुढे पुढे माझ्याही तोंडी बीग बसले.

हे वाचून पटले, पण पाहिल्याशिवाय मन भरेना. म्हणून मी टायमर वाजल्यावर यील्डला बोलावणारी ती एकच ओळ काढून टाकली, क्यूएमूला एकच सीपीयू दिला, कधीही न संपणाऱ्या लूपचा एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो पार्श्वभूमीत सोडला. शेलचे, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमचे, चिन्ह पडद्यावर आले. मी एलएस ही फाइलींची यादी मागणारी आज्ञा टाइप केली. दोन्ही अक्षरे उमटली. एंटर दाबले आणि पुढे काहीच झाले नाही. यंत्र पूर्ण गोठेल, अशी माझी अपेक्षा होती. पण अक्षरे उमटत होती, मी दाबीन ती कळ पडद्यावर येत होती, आणि तरीही आज्ञा पाळायला कोणी नव्हते. याचे कारण कोडमध्ये सापडले. कळ दाबली की कीबोर्डचा इंटरप्ट, म्हणजे वर सांगितलेले उपकरणाचे टोकणे, येतो आणि अक्षर पडद्यावर उमटवण्याचे काम त्या इंटरप्टच्या आतच उरकले जाते. ओळ वाचून आज्ञा चालवणे हे मात्र शेलचे काम, आणि शेल ही एक प्रोसेस असल्यामुळे तिला सीपीयूवर बसण्याची पाळी मिळणेच बंद झाले होते. एक्सव्ही-६ मध्ये कंट्रोल आणि पी या कळा दाबल्या की प्रोसेसची यादी छापली जाते, आणि तीही इंटरप्टच्या आतच. तिच्यात माझा लूप 'चालू' दिसत होता आणि एंटर दाबल्यावर जागी झालेली शेल 'चालण्यास तयार' अशा अवस्थेत उभी होती. मी दहा मिनिटे थांबून पुन्हा यादी छापली, तरी ती तशीच तयार होती.

रात्री अप्पांना बोलावून दाखवले. त्यांनी एका बोटाने आपले नाव इंग्रजीत टाइप केले, एंटर दाबले आणि बराच वेळ पडद्याकडे पाहिले. "त्याला ऐकू जातंय," ते म्हणाले, "पण उठता येत नाही."

यानंतर मी जे काम अंगावर घेतले, ते माझ्या आवाक्याबाहेरचे होते हे आता कबूल करायला हरकत नाही. एक्सव्ही-६ मधली फोर्क प्रोसेसच्या सगळ्या पानांची तत्काळ प्रत काढते. एक पान ४०९६ बाइटांचे असते. बहुतेक वेळा नवी प्रोसेस लगेच दुसरा प्रोग्रॅम चालवू लागते आणि काढलेल्या प्रती वाया जातात. म्हणून खऱ्या ऑपरेटिंग सिस्टीम प्रत काढत नाहीत: दोन्ही प्रोसेसना तेच पान दाखवतात, त्यावर लिहिण्याची परवानगी काढून घेतात, आणि कोणी लिहायला गेले की पेज फॉल्ट होतो, त्या क्षणी फक्त त्या एका पानाची प्रत काढतात. म्हणजे चूक मुद्दाम घडवून आणायची आणि तिच्या निमित्ताने कर्नलला जागे करायचे. वर सांगितलेल्या तीन कारणांपैकी दुसरे कारण इथे कामाला येते. ही युक्ती मला इतकी आवडली की ती स्वतः लिहायचीच असे मी ठरवले.

प्रत्येक पान किती जण वापरत आहेत याची मोजणी ठेवावी लागते. एक्सव्ही-६ ला १२८ एमबी मेमरी मिळते, म्हणजे ३२,७६८ पाने, म्हणून तेवढ्या आकड्यांचा एक ॲरे केला. पहिल्या आठवड्यात एक चूक पुन्हा पुन्हा भोवली: कर्नल स्वतः प्रोग्रॅमच्या पानावर लिहितो तेव्हा, उदाहरणार्थ फाइल वाचून मजकूर हवाली करताना, परवानगी तपासणारे हार्डवेअर आड येत नाही. त्यामुळे फॉल्ट होत नाही आणि सामाईक पानावरच लिहिले जाते. एका प्रोसेसने वाचलेला मजकूर दुसरीच्या मेमरीत उमटलेला पाहून मी चक्रावले होते. कॉपीआउट या फंक्शनमध्ये तीच तपासणी हाताने घातल्यावर ते थांबले आणि एक सीपीयू दिलेला असताना सगळ्या चाचण्या पार पडल्या. मी खूश होऊन, मुळात ठरवून दिलेले असतात तसे, तीन सीपीयू चालू केले. चाचण्या कोसळल्या, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी.

इथे एक्सव्ही-६ लिहिणाऱ्यांची एक सोय उपयोगी पडली. पान मोकळे करताना ते त्या पानाचा प्रत्येक बाइट ०१ ने भरून टाकतात, कोणी मेलेले पान वापरले तर लगेच ओळखू यावे म्हणून. जीडीबी या चुका शोधण्याच्या साधनातून कोसळलेल्या प्रोसेसचे पान उघडले तर पहिले आठ बाइट वेगळे आणि उरलेले ४०८८ बाइट सगळे ०१. पहिल्या आठ बाइटांत मोकळ्या पानांच्या साखळीतला पुढचा पत्ता असतो. म्हणजे ते पान वापरात असतानाच मोकळ्यांच्या यादीत गेले होते. मोजणी चुकत होती. दोन सीपीयूंनी एकाच वेळी २ हा आकडा वाचला, दोघांनी एक मिळवून ३ लिहिला, आणि ४ व्हायचे ते ३ राहिले. टिपणांत 'रेस कंडिशन' या मथळ्याखाली हेच उदाहरण होते, फक्त तिथे त्याला बँकेच्या खात्याचे कपडे घातलेले होते.

एका वेळी एकाच सीपीयूला मोजणी बदलता यावी म्हणून तिला कुलूप लावले. आता काहीच कोसळेना, पण चाचणी मध्येच थबके आणि लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागे. जीडीबीत तिन्ही सीपीयू तपासले तर त्यांतले दोन कुलूप मिळवण्याच्या लूपमध्ये गरगरत होते. मैत्रिणीने कागदावर दोन बाण काढले. पान मोकळे करताना मी आधी मोकळ्या पानांच्या यादीचे बीग धरत होते आणि मग मोजणीचे. पेज फॉल्टमध्ये आधी मोजणीचे आणि मग, नवे पान मागताना, यादीचे. सीपीयू एकच असताना हे कधीच उघडकीला आले नसते, कारण एक्सव्ही-६ मध्ये कुलूप हाती असेपर्यंत त्या सीपीयूवरचे इंटरप्ट बंद असतात आणि मध्ये दुसरे कोणी घुसत नाही. कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या डेडलॉकच्या, म्हणजे एकमेकांची वाट पाहत सगळेच अडकून पडण्याच्या, चार अटी मला तोंडपाठ होत्या. त्यांतली चौथी, वर्तुळाकार प्रतीक्षा, त्या कागदावर दोन बाणांनी काढलेली समोर होती. चारपैकी एक अट मोडली की पुरे, हेही पाठ होते. म्हणून नवे पान आधीच मागून ठेवायचे, मग मोजणीचे कुलूप घ्यायचे, आणि पान लागले नाही तर कुलूप सोडून ते परत करायचे, असा क्रम लावला. एकूण सहा ओळी इकडच्या तिकडे केल्या. त्या रात्री पाऊस होता आणि वीज दोनदा गेली. लॅपटॉपच्या बॅटरीवर तिसऱ्या खेपेला सर्व चाचण्या पार पडल्याची ओळ छापली गेली.

पंधरा दिवसांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डेडलॉक टाळण्याचे उपाय विचारले. मी कुलपांच्या ठरलेल्या क्रमाबद्दल सांगू लागले आणि सहा ओळींची गोष्टही सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग त्यांनी बँकर्स अल्गोरिदमचे उदाहरण सोडवायला दिले. डाइक्स्ट्रा यांच्या या पद्धतीत प्रत्येक प्रोसेसने आपल्याला जास्तीत जास्त काय लागेल हे आधीच जाहीर करावे लागते. माझ्या पेज फॉल्टला ते कधीच सांगता आले नसते, हे ओठांवर आले होते. परंतु मागे अकरा जण खोळंबले होते. पाच प्रोसेस आणि तीन साधनांचा तक्ता मी मांडला, सुरक्षित क्रम काढला आणि वहीवर सही घेतली.